हाइन्झचा केचप बाटलीतून इतका हळू का येतो, आणि त्या कंपनीच्या आणखी काही गोष्टी

प्रश्न असा आहे: हाइन्झ या अमेरिकी कंपनीबद्दल फारशी कुणाला ठाऊक नसलेली, पण खरी असलेली माहिती कोणती?

बहुतेक उत्तरं ५७ या आकड्यापासून सुरू होतात, म्हणून तो आधी उरकतो. १८९६ मध्ये हेन्री जॉन हाइन्झ न्यूयॉर्कमध्ये रेल्वेने जात असताना त्यांना बुटांची एक जाहिरात दिसली. तिच्यात '२१ प्रकार' असं लिहिलं होतं. ती कल्पना त्यांना आवडली आणि त्यांनी स्वतःच्या मालासाठी '५७ प्रकार' हे घोषवाक्य ठरवलं. त्या वेळी कंपनीचे पदार्थ साठाच्या वर गेलेले होते. थोडक्यात, ५७ ही मोजदाद कधीच नव्हती. तो आकडा फक्त कानाला बरा वाटला म्हणून निवडला होता.

टोमॅटो प्रक्रियेत काम करणाऱ्याला या कंपनीची दुसरीच गोष्ट जास्त थक्क करते. आज जगभर केचप म्हणजे दाट, तकतकीत, बराच गोड आणि बराच आंबट पदार्थ असं जे समीकरण आहे, ते चवीचा विचार करून जन्माला आलेलं नाही. केचपमधून एक रसायन काढून टाकायचं ठरलं आणि त्याची जागा भरून काढताना केचप असा झाला. हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल.

१८६९ मध्ये पिट्सबर्गजवळच्या शार्प्सबर्गमध्ये हाइन्झ यांनी भागीदारीत धंदा सुरू केला, तो केचपचा नव्हे. हॉर्सरॅडिश नावाचं झणझणीत मूळ किसून व्हिनेगरमध्ये घालून ते विकत. त्या काळी हा माल हिरव्या किंवा तपकिरी काचेच्या बाटलीत येई, आणि गडद काचेमुळे आत सलगमाचा कीस मिसळलेला असला तरी गिऱ्हाइकाला दिसत नसे. हाइन्झ यांनी पांढरी, आरपार दिसणारी बाटली घेतली. सहा वर्षांत हा धंदा बुडाला. काकडीचं पीक ठरलेल्या भावाने घेण्याचे करार शेतकऱ्यांशी केलेले होते. १८७५ मध्ये पीक अमाप आलं, आणि १८७३ च्या मंदीनंतर बाजारात रोख पैसा नव्हता. करार शेतीत भाव बांधून दिला पण एकूण किती माल उचलायचा याची कमाल मर्यादा लिहिली नाही, तर आजही नेमकं हेच होतं. १८७६ मध्ये भाऊ आणि चुलतभावाच्या नावाने नवी कंपनी उभी राहिली आणि त्याच वर्षी केचप बाजारात आला.

त्या काळचा अमेरिकी केचप कसा बने हे पाहिलं की पुढचा वाद कळतो. टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यांत साली, देठाकडचे कडक भाग, हिरवे आणि फुटलेले टोमॅटो असा ढीग उरायचा. त्याचा लगदा पिंपांत भरून ठेवायचे आणि सवडीने केचप शिजवायचे. पिंपातला लगदा आंबत जायचा. तो टिकावा म्हणून सोडियम बेंझोएट घालायचे, आणि रंगासाठी कोळशाच्या डांबरापासून केलेले रंग. असा केचप पातळ असायचा. याचं कारण सरळ आहे. टोमॅटोला दाटपणा देणारं पेक्टिन, लगदा आंबताना एन्झाइमं आणि बुरशी मिळून तोडून टाकतात. एकदा पेक्टिन तुटलं की नंतर कितीही आटवा, लापशी जड होते, पण सलग होत नाही आणि पाणी सोडते.

अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली यांनी १९०२ पासून वॉशिंग्टनमध्ये स्वयंसेवक तरुणांना परिरक्षकं, म्हणजे अन्न टिकवणारी रसायनं, घातलेलं जेवण देऊन त्यांच्या प्रकृतीच्या नोंदी ठेवल्या. वर्तमानपत्रांनी त्या मुलांना 'विषपथक' असं नाव दिलं. बोरॅक्स, सॅलिसिलिक आम्ल, फॉर्मल्डिहाइड यांच्यासोबत त्या यादीत बेंझोएटही होतं. बहुतेक केचप उत्पादक म्हणत होते की बेंझोएटशिवाय केचप टिकणं अशक्य आहे. हाइन्झच्या कारखान्याचे उत्पादनप्रमुख सेबॅस्टियन म्युलर यांनी ते शक्य करून दाखवलं, आणि शुद्ध अन्नाचा कायदा झाला त्या १९०६ साली कंपनीचा केचप बेंझोएटशिवाय निघू लागला. बहुसंख्य खाद्य उत्पादक कायद्याच्या विरोधात असताना ही मोठी कंपनी कायद्याच्या बाजूने उभी राहिली.

बेंझोएटबद्दलची वायलींची भीती वाजवीपेक्षा जास्त होती असं माझं मत आहे. ठरलेल्या मर्यादेत ते आजही जगभर परवानगी असलेलं परिरक्षक आहे, आणि क्रॅनबेरीसारख्या फळात बेंझोइक आम्ल निसर्गतःच असतं. खरा फायदा वेगळा झाला. बेंझोएटचा आधार गेल्यावर कुजका लगदा वापरणं अशक्य झालं.

म्युलर यांच्या पद्धतीमागचं रसायन असं. बेंझोएटला मुळातच आम्लाची गरज असते. सामू (pH, आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ३.७ असेल तर त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंतूंवर परिणाम करणाऱ्या रूपात असतो, ४.२ ला अर्धा, आणि ५.२ ला दहावा हिस्सादेखील नाही. मग आम्लच इतकं वाढवलं की बेंझोएट नकोच, तर? त्यासाठी व्हिनेगर भरपूर वाढवावं लागलं. व्हिनेगर वाढलं की तोंड आंबतं, म्हणून साखर वाढली. साखर आणि मीठ वाढल्यावर जंतूंना मिळणारं मोकळं पाणी आणखी घटलं, म्हणजे टिकाऊपणात भरच पडली. आणि पूर्ण पिकलेले, ताजे टोमॅटो घेतल्यामुळे पेक्टिन शाबूत राहिलं, केचप दाट झाला. ब्रिटनमधल्या हाइन्झच्या बाटलीवर आज १०० ग्रॅम केचपला १४८ ग्रॅम टोमॅटो आणि जवळपास २३ ग्रॅम साखर असं लिहिलेलं असतं. ती साखर बरीचशी या १९०६ च्या निर्णयातून आली आहे.

आता दाटपणाकडे येऊ, कारण याच विषयात सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

टोमॅटो चिरडला की त्याच क्षणी दोन एन्झाइमं कामाला लागतात, पेक्टिन मिथाइल एस्टरेज आणि पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज. पहिलं पेक्टिनची साखळी कापण्याजोगी करून देतं, दुसरं ती कापतं. म्हणून केचपसाठीचा गर काढताना चिरडलेला टोमॅटो काही सेकंदांत ८५ ते ९५ अंश सेल्सिअसला नेतात. याला कारखान्यात 'हॉट ब्रेक' म्हणतात. ६५ अंशांच्या आसपास केलेला 'कोल्ड ब्रेक' गर रंगाला आणि वासाला सरस असतो, पण पातळ राहतो. तो रसाला, सूपला बरा. बाजारातून पेस्ट, म्हणजे आटवलेला गर, घेणाऱ्यांनी पिंपावरची खूण पाहावी (ब्रिक्स म्हणजे विरघळलेल्या घनपदार्थांची टक्केवारी): २८-३० ब्रिक्सची हॉट ब्रेक पेस्ट केचपसाठी, ३६-३८ ब्रिक्सची बहुधा कोल्ड ब्रेक. फक्त ब्रिक्स जास्त म्हणून दुसरी घेतली तर केचप पातळ होतो, मग त्यात स्टार्च किंवा गोंद घालण्याची पाळी येते.

हाइन्झ कंपनी सांगते की तिचा केचप बाटलीतून ताशी ०.०२८ मैलांपेक्षा वेगाने वाहिला तर तो माल नापास होतो. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण त्याचं गणित कुणी करत नाही. ताशी ०.०२८ मैल म्हणजे ताशी ४५ मीटर, म्हणजे सेकंदाला सव्वा सेंटिमीटर. कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोजमाप वेगळ्या पद्धतीने होतं. बॉस्टविक नावाची एक आडवी पन्हाळी असते. तिच्या एका टोकाच्या कप्प्यात सुमारे १०० मिलिलिटर केचप २० अंशांना भरायचा, स्प्रिंगची फळी उघडायची आणि ३० सेकंदांत तो किती सरकला ते वाचायचं. अमेरिकी नियमानुसार तो १४ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. म्हणजे सरासरी सेकंदाला अर्ध्या सेंटिमीटरहून कमी. दोन आकड्यांत विरोध नाही. पन्हाळी सपाट असते आणि बाटली उलटी. पण जाहिरातीतला आकडा घेऊन कुणी आपला केचप तपासायला बसू नये. पास-नापास ठरतं ते पन्हाळीवर. मोजताना एक चूक हमखास होते. केचप नुकताच ढवळलेला किंवा गरम असेल तर तो जास्त सरकतो, म्हणून चांगली खेपही नापास ठरते.

ढवळल्यावर तो जास्त का सरकतो, यातच बाटली ठोकण्याचं रहस्य आहे. केचपवर ठराविक ताण येईपर्यंत तो जागचा हलत नाही, आणि एकदा हलला की पातळ होतो. बुडावर थाप मारली की ताण मागच्या भागावर येतो, तोंडाशी बसलेला गोळा तसाच राहतो, आणि मग सगळं एकदम येतं. म्हणून हाइन्झच्या काचेच्या बाटलीच्या मानेवर कोरलेल्या ५७ वर थाप मारायला सांगतात. बाटली साधारण ४५ अंशांत तिरकी धरायची आणि त्या जागी दोन बोटांनी हलके ठोकायचं. मानेतला केचप हलतो, वरच्या बाजूने हवा आत शिरते आणि धार सुरू होते. हवेला वाट न देता बाटली सरळ उपडी केली तर आत पोकळी धरते आणि कितीही हलवलं तरी उपयोग होत नाही.

बाटली उघडल्यावर आधी पाण्याचे थेंब पडतात, ते खराब झाल्याचं लक्षण नाही. तो तंतूंच्या जाळ्यातून निथळलेला रस असतो. झाकण लावून जोरात हलवलं की तो परत मुरतो. दर वेळी पाणी फार सुटत असेल तर मात्र गर काढताना तापमान कमी पडलं होतं असं समजावं.

काचेच्या बाटलीत आणखी एक जुना रोग आहे, त्याला धंद्यात 'काळी मान' म्हणतात. झाकणाच्या धातूतलं किंवा भांड्यातलं लोह व्हिनेगरमध्ये उतरतं, मसाल्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी जुळतं, आणि वरच्या पोकळीतल्या हवेमुळे काळं पडतं. बाटलीच्या मानेत काळपट कडं दिसतं. उपाय ठरलेले आहेत: लोखंडी आणि तांब्याची भांडी वापरायची नाहीत, ८५ अंशांच्या वर असतानाच काठोकाठ भरायचं, आणि लवंग डोकं काढून घालायची, कारण टॅनिन त्या बोंडात जास्त असतं. हाइन्झच्या बाटलीच्या गळ्यावर जी कागदी पट्टी दिसते तिचं मूळ काम बुचावरचा धातूचा वर्ख घट्ट धरून ठेवण्याचं होतं. बूच गेलं, स्क्रूचं झाकण आलं, तरी पट्टी राहिली. लेबलाचा आकार म्हणजे कमानीच्या मध्यभागी बसणारा दगड. पिट्सबर्ग ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाचं टोपणनावच त्या दगडावरून पडलेलं आहे.

प्लास्टिकच्या दाबायच्या बाटलीला १९८३ पर्यंत थांबावं लागलं, त्याचं कारणही हवाच. साध्या प्लास्टिकमधून प्राणवायू झिरपतो आणि केचप तपकिरी पडतो. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकच्या थरांमध्ये प्राणवायू अडवणारा पातळ थर बसवल्यावरच ते जमलं. २००२ मध्ये झाकण खाली असलेली उलटी बाटली आली. तिच्या तोंडाशी सिलिकॉनची चिरा दिलेली पातळ चकती असते. दाबलं की चिरा उघडतात, सोडलं की मिटतात आणि हवा मागे ओढली जाते. ही झडप आधी शाम्पूच्या बाटल्यांसाठी वापरली गेली होती.

आता एक गोष्ट, जी शेतकऱ्यांना जास्त रंजक वाटेल. हाइन्झ ही टोमॅटोचं बियाणं विकणारीही कंपनी आहे. १९३० च्या दशकापासून तिचा स्वतःचा पैदास कार्यक्रम आहे आणि तिच्या संकरित जाती 'एच' आणि पुढे आकडा अशा नावाने ओळखल्या जातात. हे बियाणं ती इतर प्रक्रियादारांच्या शेतकऱ्यांनाही विकते. या जाती खाण्याच्या टोमॅटोसारख्या नसतात. झाड बुटकं, सगळी फळं जवळपास एकदम पिकणारी, साल जाड, देठ झाडालाच राहील असा, आणि गरात घनपदार्थ जास्त, कारण तोडणी यंत्राने होते.

नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंतला भाव कोसळला की 'याचा केचप का करत नाही' असा प्रश्न दर वेळी निघतो, त्याचं उत्तर या घनपदार्थांत आहे. प्रक्रियेच्या जातीचा गर ५ ब्रिक्सचा धरला तर २८ ब्रिक्सची एक किलो पेस्ट करायला ५.६ किलो गर लागतो आणि ४.६ किलो पाणी उडवावं लागतं. आपल्याकडे बाजारात येणारा, लांबच्या वाहतुकीसाठी निवडलेला टोमॅटो बऱ्याचदा ४ च्या आसपास असतो. मग गर ७ किलो आणि उडवायचं पाणी ६ किलो. म्हणजे त्याच एका किलोसाठी इंधन सुमारे ३० टक्के जास्त. शिवाय हा माल निम्मा लाल असतानाच तोडलेला असतो, त्यामुळे रंग कमी पडतो. फुकट मिळाला तरी तो कारखान्याला महाग पडू शकतो. यावर तोडगा काढायचा तर लागवडीच्या वेळीच प्रक्रियेची जात आणि करार हवा, भाव पडल्यावर नाही.

काही किरकोळ पण खऱ्या गोष्टी. २००० साली हाइन्झने मुलांसाठी हिरवा केचप काढला, नंतर जांभळा आणि निळाही. सुरुवातीला तुफान खपला, पण २००६ पर्यंत बंद झाला. २०१५ मध्ये इस्रायलच्या आरोग्य मंत्रालयाने तिथल्या नियमाइतका टोमॅटोचा अर्क नाही म्हणून या मालाला हिब्रू लेबलवर 'केचप' म्हणू दिलं नव्हतं. इंग्लंडमध्ये ज्यांना 'बेक्ड बीन्स' म्हणतात ते हाइन्झचे राजमाकुळातले पांढरे घेवडे भट्टीत भाजलेले नसतात. ते डब्यात सॉससह बंद करून वाफेच्या दाबाखाली शिजतात.

आणि मराठी घरात हाइन्झ केचपच्या किती तरी आधी वेगळ्याच रूपात पोहोचली होती. १९९४ मध्ये तिने ग्लॅक्सोच्या भारतीय कंपनीचा घरगुती उत्पादनांचा विभाग विकत घेतला. त्यामुळे उन्हाळ्यातला ग्लुकॉन-डी, परीक्षेच्या दिवसांतला कॉम्प्लान आणि घामोळ्यांवरची नायसिल पावडर ही सगळी २०१९ पर्यंत हाइन्झची होती. त्या वर्षी झायडस वेलनेसने हा व्यवसाय घेतला.

शेवटी, १९०६ चा हा बदल घरी करून पाहायचा असेल तर प्रमाण देतो. भारतीय नियमानुसार टोमॅटो केचपमध्ये मीठ सोडून किमान २५ टक्के विद्राव्य घनपदार्थ आणि ॲसेटिक आम्लाच्या हिशेबाने किमान १ टक्का आम्लता लागते. अमेरिकेतल्या पहिल्या प्रतीला ३३ टक्के घनपदार्थ लागतात. परिरक्षकाशिवाय करायचा तर ३३ च्या बाजूला राहावं.

पूर्ण लाल टोमॅटो निवडा, देठाजवळचे हिरवे भाग आणि डाग कापून टाका. साधारण १.४ किलो टोमॅटोंचा एक किलो गर निघतो. चिरून ठेवू नका. एकेक चिरून थेट उकळत्या थोड्या गरात टाकत जा, म्हणजे एन्झाइमांना वेळ मिळत नाही. घरच्या घरी हॉट ब्रेक साधायचा हाच मार्ग आहे. मग मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने गाळा. एक किलो गराला ७५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम मीठ, ५० ग्रॅम चिरलेला कांदा, १० ग्रॅम आलं, ५ ग्रॅम लसूण, थोडी मिरपूड, दालचिनी, मोठी वेलची आणि डोकं काढलेल्या पाच लवंगा. कांद्यापासून लवंगांपर्यंत सगळं मलमलच्या पुरचुंडीत बांधून गरात सोडा. साखर सुरुवातीला एक तृतीयांशच घाला, सगळी आधी घातली तर रंग तपकिरी होतो. स्टीलच्या रुंद पातेल्यात मोठ्या आचेवर एक तृतीयांश राहीपर्यंत आटवा. पुरचुंडी पिळून काढा, मग उरलेली साखर आणि मीठ घाला.

बेंझोएटसह करताना आता २५ मिलिलिटर व्हिनेगर आणि तयार केचपच्या किलोमागे पाव ग्रॅम सोडियम बेंझोएट चमचाभर पाण्यात विरघळवून घालतात. बेंझोएटशिवाय करताना ५ टक्क्यांचं व्हिनेगर ७५ ते ८० मिलिलिटर घाला आणि पुन्हा पाच मिनिटं आटवा. व्हिनेगर सुरुवातीला घातलं तर आम्लाचा काही भाग वाफेबरोबर जातो. ताटलीत थेंब टाकून ताटली तिरकी करा. थेंबाभोवती पाण्याचं कडं सुटलं तर अजून आटवायचा आहे. उकळत्या पाण्यातून काढलेल्या गरम बाटलीत ८५ अंशांच्या वर असतानाच काठापर्यंत भरा, झाकण लावून पाच मिनिटं बाटली आडवी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही निर्जंतुक होते. न उघडलेली बाटली काही महिने बाहेर राहते. उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवा आणि दर वेळी तोंड पुसून झाकण लावा, कारण बुरशी नेहमी तोंडाशी वाळलेल्या थरावरच आधी धरते.